अन्सेल्मोराव राक्षस मारत नाहीत

अन्सेल्मोराव कुणाच्याही घरी सरळ दारातून येत नाहीत. आधी ते खिडकीत दिसतात.

पहिल्यांदा दिसले तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. न्यूझीलंडला, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मोहरी तडतडली, मी हिंगाची डबी उचलली आणि वर पाहिलं, तर ओट्यासमोरच्या काचेला एक चेहरा चिकटलेला. पांढऱ्या भुवया, चपटं झालेलं नाक, आणि नजर माझ्यावर नाही, माझ्या मागे कुठेतरी. जणू माझ्या पाठीशी कोणीतरी उभं आहे. मी किंचाळले. हिंगाची डबी कढईत गेली. चेहरा नाहीसा झाला, आणि मग सावकाश, पुरेसा वेळ घेऊन, दाराची बेल वाजली.

दारात एक बुटका, ताठ म्हातारा उभा होता. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात लिंबांची पिशवी.

"किया ओरा," त्याने इथला माओरी नमस्कार केला. "मी शेजारी. ही माझ्या झाडाची लिंबं. तुम्ही फार छान किंचाळता."

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलं, की हा काय प्रकार? तर म्हणाले, "तयारी न करता एन्ट्री फक्त कुरिअरवाला घेतो."

त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि स्पॅनिश फोडणीचं. मी इथे ते माझ्या मराठीत सांगतेय, त्यामुळे ते जरा जास्तच सरळ वाटेल. नाव सांगताना ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "डॉन अन्सेल्मो." माझा नवरा नितीन मूळचा डोंबिवलीचा. डॉन म्हटल्यावर त्याने एकदम पाय मागे घेतला. नंतर कळलं, की स्पॅनिशमध्ये डॉन म्हणजे आपलं 'राव'. तेव्हापासून ते अन्सेल्मोराव झाले, आणि त्यांना ते आवडलंही. नितीनचा एक मित्र मला वहिनी म्हणताना त्यांनी ऐकलं, तेव्हापासून मी त्यांची 'वैनी'. त्यांना वाटतं, ते माझं नाव आहे. एकदा माझं पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच थोपवलं. "वृंदा? इथे वृंदा कोणी नाही. या घरात वैनी राहते." पार्सल परत गेलं.

आमची गल्ली नवी. सगळी घरं करड्या विटांची, सगळी कुंपणं करडी, प्रत्येकापुढे दोन गाड्या आणि एक पोरवयाचं झाड. त्यात मधोमध एक जुनं लाकडी घर, पोपटी रंगाचं, गंजक्या पत्र्याचं. ते अन्सेल्मोरावांचं. त्यांनी घेतलं तेव्हा इथे नुसती कुरणं आणि गाई होत्या. मग बिल्डर आला. त्याने आजूबाजूचं सगळं घेतलं आणि यांच्याकडे दर महिन्याला एक गोड बोलणारा माणूस पाठवायला लागला. अन्सेल्मोरावांनी नितीनकडून एक वाक्य शिकून घेतलं आणि पुढच्या खेपेला त्या माणसाला मराठीत ऐकवलं, "नाही चालणार!"

हे वाक्य त्यांना कमालीचं आवडलं. स्पॅनिशमधला नकार म्हणे तोंडातून चटकन निसटतो. हा चावून चावून देता येतो. कौन्सिलने रंगावरून पत्र पाठवलं, नाही चालणार. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं, नाही चालणार. गल्लीतल्या मंडळींनी गणपतीत एक नाटुकलं बसवलं होतं, त्याची तालीम बघायला ते खुर्ची घेऊन आले. आमच्या नाटुकल्यात शेवटी असुर मरतो. अन्सेल्मोराव उठून उभे राहिले. "नाही चालणार! का मारताय त्याला? त्याने काय केलंय?" देशपांडेकाकांनी त्यांना पुराण समजावायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासाने देशपांडेकाकाच गोंधळले होते.

खरं म्हणजे मी अन्सेल्मोरावांना भेटायच्या आधीच त्यांचा एक सिनेमा पाहिला होता. मी ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात नोकरी करते. कॉम्प्युटरवरचा माल आणि रॅकवरचा माल जुळतोय ना, हे बघायचं माझं काम. नव्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी सुरक्षेची फिल्म दाखवतात. मला वाटलं होतं, हेल्मेट घाला, बूट घाला, एवढंच असेल. दिवे मालवले. पडद्यावर धुकं. गोदामात धुकं कुठून आलं, हा प्रश्न पडायच्या आत लांबून एक बारीक बीप ऐकू आली. एक माणूस पाठमोरा उभा राहून बॉक्स मोजतोय. बीप जवळ येते. तो वळत नाही. धुक्यातून फोर्कलिफ्टचे दोन लांब दात बाहेर येतात, हळू, फार हळू, आणि थेट आपल्या तोंडासमोर वर उचलले जातात. अंधार. मग पाटी : पिवळ्या रेषेच्या आत राहा.

माझ्या शेजारी बसलेल्या सहा फुटी ड्रायव्हरने माझा हात घट्ट धरला होता. तो नवा नव्हता. तो ती फिल्म तिसऱ्यांदा बघत होता.

"त्या मॅनेजरला त्यात आनंदी संगीत हवं होतं," अन्सेल्मोराव मला सांगत होते. "मी विचारलं, बाबा रे, तुला आनंदी माणसं हवीत की जिवंत?" फिल्म तशीच राहिली. आजही आमच्याकडे पिवळी रेष कोणी ओलांडत नाही. मी तर जेवायच्या सुट्टीतसुद्धा लांबून वळसा घालून जाते.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस न्यूझीलंडमध्ये फोर्कलिफ्टच्या फिल्मा का काढत होता? त्याचं कारण एक राक्षस.

तरुणपणी अन्सेल्मोराव स्पेनमध्ये भयपट काढायचे. तिथे तेव्हा हुकूमशाही होती. सिनेमे स्वस्तातले, घाईतले. पोस्टरवर यांचं नाव दरवेळी वेगळं आणि दरवेळी अमेरिकन, कारण स्पॅनिश माणसाने बनवलेल्या राक्षसाला लोक पैसे देऊन घाबरत नाहीत, असं निर्मात्यांचं मत. राक्षस मात्र दरवेळी तोच. त्यांच्या बायकोने, पिलारने, सोफ्याचा फोम आणि रबर जोडून एक सूट शिवला होता. केस चिकटवले की लांडगा, केस काढले की तळ्यातला प्राणी, चिंध्या गुंडाळल्या की ममी.

"आणि आत कोण असायचं?" मी एकदा विचारलं.

"होता एक कलाकार. उंच. फार हट्टी." आणि त्यांनी विषय बदलला.

पिलारबाई आम्ही राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात त्यांचा एकच फोटो आहे. त्यात अन्सेल्मोराव त्यांच्या खांद्याला लागतात.

तर, अन्सेल्मोरावांचा पहिला सिनेमा चालला. पण त्यानंतर त्यांनी एक हट्ट धरला, की माझ्या सिनेमात राक्षस मरणार नाही. गावकरी मशाली घेऊन धावतील, पाद्री मंत्र म्हणेल, सगळं होईल, पण शेवटी राक्षस कुठेतरी निघून जाईल. सेन्सॉरच्या साहेबाने बोलावून घेतलं. सैतान जिंकलेला चालणार नाही म्हणाला. यांनी उत्तर दिलं, "साहेब, माझा राक्षस जिंकत नाही. तो फक्त मरत नाही." निर्माते एकेक करून पांगले. एकाने यांच्या मागे दुसरा दिग्दर्शक बोलावून राक्षस मारून घेतला. यांनी थिएटरच्या दारात उभं राहून प्रेक्षकांना सांगितलं, शेवटच्या दहा मिनिटांआधी बाहेर या, ती माझी नाहीत. त्यानंतर स्पेनमध्ये त्यांना कोणी काम देईना.

शेवटचा निर्माता त्यांना न्यूझीलंडला घेऊन आला. इथे जमिनीतून वाफ फुकट मिळते, धुकं सोडणाऱ्या यंत्राचं भाडं वाचतं, एवढाच त्याचा हिशोब. रोटोरुआला चित्रीकरण सुरू झालं. मग उकळत्या चिखलाचं तळं बघून निर्मात्याचे डोळे चमकले. राक्षस यात पडून मरायला हवा. अन्सेल्मोराव नाही म्हणाले. निर्माता कॅमेरे आणि माणसं घेऊन परत गेला. मागे राहिले दोघं, नवरा, बायको आणि तो सूट. पिलारबाई ईस्ट टामाकीतल्या पडद्यांच्या कारखान्यात शिवणाला लागल्या, आणि यांनी गोदामांसाठी फोर्कलिफ्टच्या फिल्मा काढायला घेतल्या.

"पस्तावा नाही होत?" नितीनने एकदा विचारलं होतं.

"राक्षस मेला की प्रेक्षक घरी जाऊन शांत झोपतो," ते म्हणाले. "मी लोकांना झोपवायला सिनेमा काढला नाही." हे उत्तर तयार होतं. ते सगळ्यांना हेच द्यायचे.

मग गेल्या वर्षी टोबी आला.

टोबी म्हणजे एक दाढीवाला, गोड स्वभावाचा पोरगा. ऑकलंडमध्ये तो जुन्या सिनेमांचे खेळ लावतो. त्याला कुठूनतरी कळलं होतं, की त्या अमेरिकन नावांमागचा माणूस फ्लॅट बुशमध्ये लिंबं पिकवतोय. अन्सेल्मोरावांनी मला तातडीने बोलावून घेतलं आणि "ही माझी एजंट" म्हणून ओळख करून दिली. मला चष्मा आहे, तेवढी पात्रता पुरली.

टोबी अडखळत होता. त्याच्या खेळांचं नाव होतं 'इतके वाईट की उत्तम'. लोक येतात, जुने स्वस्तातले सिनेमे बघतात आणि पोट धरून हसतात. "पण प्रेमाने हसतात हां," तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्या पहिल्याच सिनेमाची प्रिंट आम्हाला जर्मनीहून मिळाली आहे."

मला राग आला. मी नाही म्हणणार होते. पण अन्सेल्मोराव माझ्या आधी बोलले.

"मी येणार. हसू दे त्यांना. हसणाऱ्याचं तोंड उघडं असतं. उघड्या तोंडातून भीती लवकर आत जाते."

"स्वीट ॲज!" टोबी म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'.

रविवारी दुपारचा खेळ होता. अन्सेल्मोराव पांढराशुभ्र सूट घालून आले, खाली जँडल्स, कारण बुटात त्यांचा अंगठा दुखतो. ते, नितीन आणि मी, आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. हॉल भरलेला. सिनेमा सुरू झाला आणि लोकांनी पहिल्या मिनिटापासून हसायला सुरुवात केली. तोंड एकीकडे, जर्मन आवाज भलतीकडे. वटवाघळाची दोरी दिसत होती. राक्षस झोपडीत शिरताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटतो, तिथे तर हॉल कोसळला.

मी चोरून अन्सेल्मोरावांकडे पाहिलं. ते मजेत होते. माझ्या कानाशी म्हणाले, "खरंच लागलं होतं. टेंगूळ आलं होतं."

शेवट जवळ आला. गावकऱ्यांनी राक्षसाला एका तळ्याच्या काठाशी गाठलं. राक्षस मागे मागे सरत पाण्यात गेला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. अन्सेल्मोराव पुढे झुकले.

"हे नाही," ते पुटपुटले. "हे यात नाही."

राक्षसाचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. रबरी हात पाण्यावर फटाफट आपटायला लागले. ऑर्गन वाजत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पोहायच्या क्लासला घाला त्याला!" हॉल खदखदला.

अन्सेल्मोरावांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं. ते उठले. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. ते जँडल्स फटफटवत पडद्यापुढच्या पायऱ्या चढले, आणि दोन्ही हात पसरून चित्राच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या सूटवर ते तळं हलत होतं, तो हात हलत होता. ते काहीतरी ओरडत होते, स्पॅनिशमध्ये. लोक आणखी हसले.

मला शब्द कळले नाहीत. आवाज कळला. मी उठले, मागच्या दाराकडे धावले आणि हाताला लागतील ती सगळी बटणं दाबली. दिवे लागले. "बंद करा!" मी ओरडले. मराठीतच ओरडले. पण टोबीला समजलं. प्रोजेक्टर थांबला.

हसू एकदम थांबलं नाही. विरत विरत गेलं.

"माझ्या कथेवर हसा," अन्सेल्मोराव म्हणाले. आता इंग्रजीत, आणि त्यांचा आवाज अजिबात कापत नव्हता. "माझ्या वटवाघळावर हसा. मीसुद्धा हसतो. पण त्या सूटच्या आत एक बाई आहे. तिच्या सूटमध्ये पाणी शिरलंय आणि तिला बाहेर येता येत नाहीये. ती माझी बायको आहे. कॅमेऱ्यामागे मी उभा आहे आणि ओरडतोय, छान! छान! अजून!"

त्यांनी मागच्या पडद्याकडे हात केला.

"दिवेवाल्याने उडी मारून तिला ओढून काढलं. मी नाही. हा तुकडा मी जाळायला दिला होता. निर्माता म्हणाला, जाळला. तो खोटं बोलला. हा शेवट माझा नाही. माझा शेवट तुम्हाला बघायचाय का?"

कोणी उत्तर द्यायची वाट न बघता त्यांनी करून दाखवायला सुरुवात केली. ऐंशी ओलांडलेला तो माणूस स्टेजवर गुडघे टेकून पाण्याबाहेर आला. काठावर बसला. डोक्यावरचं शेवाळ निपटून काढलं, कानातलं पाणी झटकलं. समोर गावकरी मशाली घेऊन उभे. राक्षस त्यांच्याकडे बघतो. त्यांच्या मशालींच्या उबेला जरा सरकून बसतो. गावकऱ्यांना काय करावं कळत नाही. अंग वाळल्यावर राक्षस उठतो आणि त्यांच्यामधून वाट काढत निघून जातो. अन्सेल्मोराव पायऱ्या उतरले आणि खरोखरच रांगांमधून चालत दाराशी गेले. लोक पाय जवळ घेऊन त्यांना वाट देत होते. कोणी हसलं नाही.

दाराशी टोबी उभा होता. रडवेला झाला होता.

"तो तुकडा कापून मला दे," अन्सेल्मोराव म्हणाले. "मी जाळणार आहे."

"प्रिंट आमची नाहीये हो, परत पाठवायची आहे..."

"नाही चालणार," अन्सेल्मोराव म्हणाले आणि बाहेर पडले.

आम्ही मोटरवेवरून घरी निघालो. नितीन गाडी चालवत होता. मी मागे वळून बघायचं टाळत होते. पापाकुराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे आमची गाडी रेंगाळत होती, आणि मग मागच्या सीटवरून ते आपणहून बोलायला लागले.

"तिला बाहेर काढलं. सूट फाडला. ती खोकली, पाणी ओकली. आणि पहिलं काय म्हणाली माहीत आहे? 'शॉट मिळाला?'"

"मग?" नितीन म्हणाला.

"मी म्हटलं, नाही. कॅमेरा बंद होता. मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं. तिलासुद्धा नाही." ते थोडे हसले. "फार चिडली. आयुष्यभर चिडून होती. कोणी जेवायला आलं की सांगायची, मी जन्मातलं सगळ्यात चांगलं काम केलं आणि या महान दिग्दर्शकाने कॅमेराच सुरू केला नव्हता. वर म्हणायची, मी बुडत नव्हते. मी काम करत होते. त्या मूर्खाने उडी मारून वाट लावली. मी म्हणायचो, पिलार, तू बुडत होतीस. ती म्हणायची, तुला काय कळतंय?"

आमची गल्ली आली. नितीनने त्यांच्या घरापुढे गाडी थांबवली. ते उतरले नाहीत.

"इतकी वर्षं मी ते डोक्यात बघत होतो. आज खरं पाहिलं," ते म्हणाले. "वैनी, तू पण पाहिलंस. खरं सांग. ती बुडत होती, की काम करत होती?"

मी मागे वळले. त्यांच्या पांढऱ्या सूटच्या गुडघ्यांना स्टेजवरची धूळ लागली होती. मला तो पाण्यावर आपटणारा हात आठवला, आणि सगळ्यात शेवटी, हात खाली जाताना, त्याची बोटं सावकाश उघडली होती ती. धीर द्यावा म्हणून काहीतरी बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की खोटं बोलवेना.

"मला नाही कळलं," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ मान हलवली.

"म्हणजे काम चांगलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी नितीनचा फोन मागितला. टोबीला लावून द्यायला सांगितलं. त्याने उचलल्या उचलल्या नमस्कार-चमत्कार काही नाही. "कापू नकोस. राहू दे. मी चुकलो असेन, ती चुकली असेल, मला माहीत नाही. पण पडद्यावर तिचं नाव नाही. कुठल्याच सिनेमात नाही. ते घाल. माझ्या नावाच्या आधी. नाही, सुरुवातीला नको, तिथे लोक बसायला जागा शोधत असतात. तळ्याच्या लगेच नंतर."

पलीकडून टोबी काहीतरी म्हणाला.

"लिहून घे," अन्सेल्मोराव म्हणाले. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, तोंडाच्या अगदी जवळ, आणि सावकाश, एकेक अक्षर सांगायला लागले. "पी. पिलारमधला पी. आय. पिलारमधला आय. एल..."